तारीख प्रचाराला असते, बर्फाला नसते

न्यू हॅम्पशायरमधल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा गोषवारा असा.

घरात ती, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. नवरा गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला. तिचं अजून ग्रीन कार्डच आहे. अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक मतदानात, यंदा तो पहिल्यांदा मत देणार, त्यामुळे उत्साह उतू जातो आहे. नोव्हेंबरपासून तो एका उमेदवाराच्या प्रचारात फुकट राबतो: आठवड्यातून तीन संध्याकाळी फोन बँक (मतदारांना एकामागून एक फोन लावणं) आणि शनिवार-रविवार दारोदार फिरणं. "इतका रमलेला मी त्याला कधी पाहिला नाही, म्हणून अडवायला जीव होत नाही," असं ती लिहिते. पण डिसेंबरपासून चार वादळं झाली आणि चारही वेळा ड्राइव्हवे (रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट) तिने एकटीने उपसला. शाळा दोनदा बंद पडली, एकदा दोन तास उशिरा भरली. तिन्ही वेळा मीटिंगा रद्द केल्या त्या तिनेच. मुलीला बाबांबरोबर दारोदार जायचं आहे, आईला थंडीची आणि अंधाराची धास्ती वाटते. आणि परवा झोपताना मुलाने विचारलं, "आपला माणूस हरला तर आपल्याला हे घर सोडावं लागेल का?"

तिचे प्रश्न तीन. प्रायमरी तीन आठवड्यांवर आली आहे, तोवर तोंड मिटून दिवस काढावेत का? मला मतच नाही, तर मी या सगळ्यात का पडू? आणि घरापेक्षा तुला प्रचार मोठा वाटतो, हे त्याला कसं सांगू?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच टेकलेले आहेत.

तुमच्या पतींना घरापेक्षा प्रचार मोठा वाटतो, हे तुम्ही धरून चालला आहात. वाटतही असेल. पण तुम्ही जे प्रसंग लिहिले आहेत, त्यांतून दुसरंच काही दिसतं. शनिवारी दहा ते एकची प्रचाराची शिफ्ट असते. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी फोन करून विचारतं, "उद्या येताय ना?" कार्यालयात कुणीतरी त्यांच्या नावाची यादी हातात धरून उभं असतं. गेले नाहीत, तर एक माणूस कमी पडला हे लगेच दिसतं. बर्फाचं असं काही नसतं. अंदाज रात्रीतून बदलतो, शाळेचा निरोप पहाटे पाच-साडेपाचला येतो, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, म्हणजे प्लाऊ, मनाला येईल तेव्हा जातो. या कामाला ना वेळ, ना यादी, ना आदल्या दिवशी विचारणारं कुणी. ठरलेल्या वेळेचं काम आणि अवचित येणारं काम समोरासमोर आलं, की ठरलेलं जिंकतं आणि अवचित आलेलं त्या क्षणी घरात असलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. चारही वेळा ते माणूस तुम्ही होता. प्रचाराच्या जागी क्रिकेटची लीग असती, तरी बहुधा हेच झालं असतं.

म्हणून "तुला घरापेक्षा प्रचार मोठा" हे वाक्य बोलू नका. ते खोटं असेलच असं नाही. पण ते खोडून काढणं त्यांना फार सोपं आहे. "असं कसं म्हणतेस?" एवढं म्हटलं की विषय बर्फावरून प्रेमावर जातो, आणि ड्राइव्हवे होता तसाच राहतो. त्यापेक्षा आकडे ठेवा. चार वादळं, प्रत्येकी किती तास. शाळेचे तीन दिवस, किती मीटिंगा.

त्यात वजनाचा आकडाही घाला. बर्फ उपसणं म्हणजे अंगण झाडण्यासारखं काहीतरी, असा समज न उपसणाऱ्यांचा हमखास असतो. समजा ड्राइव्हवे 40 फूट लांब आणि 16 फूट रुंद, म्हणजे 640 चौरस फूट. त्यावर 8 इंच बर्फ पडला तर सव्वाचारशे घनफुटांच्या वर होतो. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ घनफुटाला 5 पौंडांच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण 2100 पौंड. पारा 32 फॅरनहाइटच्या जवळ असताना पडलेला ओला बर्फ 15 पौंडांच्याही वर जातो, म्हणजे त्याच ड्राइव्हवेवर 6400 पौंड. एक टन किंवा तीन टन, तेही फावड्याफावड्याने. हे कागदावर मांडून दाखवलं की "अगं, मी आल्यावर केलं असतं" या वाक्यातला दम आपोआप जातो. रात्री नऊला, दिवसभर फिरून दमलेल्या माणसाने गारठ्यात तीन टन उपसणं धोक्याचंही आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि त्यात हातांचं अवजड काम. बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात ते यामुळेच, आणि सवय नसलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना तो धोका जास्त.

आता "तीन आठवडे तोंड मिटून" याबद्दल. यात दोन गोष्टी गृहीत आहेत: पुढचे तीन आठवडे मागच्यासारखेच जातील, आणि प्रायमरी झाली की संपलं. दोन्ही खरं नाही. प्रचाराचं काम शेवटी शेवटी दुपटीतिपटीने वाढतं. मतदान मंगळवारी असतं. आदल्या शनिवारपासून मंगळवारी मतदान बंद होईपर्यंतचे चार दिवस फक्त मतदारांना घराबाहेर काढण्याचे असतात आणि तेव्हा शिफ्टा सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक लागतात. आणि हे नेमकं भर हिवाळ्यात येतं. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी 2012 मध्ये 10 जानेवारीला झाली, 2016 मध्ये 9 फेब्रुवारीला, 2020 मध्ये 11 फेब्रुवारीला, 2024 मध्ये 23 जानेवारीला. म्हणजे त्या चार दिवसांत वादळ येणारच नाही, असं धरून चालू नका. 2024 मध्ये आयोवात कॉकसच्या (उमेदवार निवडण्यासाठी मतदारांनी जमण्याच्या सभेच्या) रात्री, 15 जानेवारीला, वारा धरून पारा शून्य फॅरनहाइटच्या कितीतरी खाली होता, आणि लोक तरीही गेले. तुमचे पतीही जातील.

शिवाय जिंकलेला उमेदवार पुढच्या राज्यांत जातो आणि चांगल्या स्वयंसेवकांना "चार दिवस येता का?" असं विचारणं होतं. हरला, तर घरात आठवडाभर सुतक. तोंड मिटून काढलेल्या दिवसांचा हिशेब मतदानानंतरच्या बुधवारी निघेल असं तुम्हाला वाटतं आहे. मला तसं वाटत नाही.

मग करायचं काय? माझा सल्ला एवढाच की बर्फालाही तारीख द्या. रविवारी रात्री मुलं झोपल्यावर वीस मिनिटं बसा. फोनवरच्या अ‍ॅपमधलं ढगाचं चित्र बघून काही कळत नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या पानावर आपल्या गावाचा अंदाज उघडा. त्यात इंच दिलेले असतात, कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हेही असतं. मग शिफ्टांशेजारी बर्फ लिहा. किती इंचांना काय, हे आधीच ठरवून ठेवा, कारण पहाटे पाचला कुणाशीच वाटाघाटी करता येत नाहीत. उदाहरणार्थ असं: 3 इंचांपर्यंत, जो आधी घराबाहेर पडणार तो. 3 ते 6 इंच, सकाळी सहा ते सात तुमचे पती उपसतील आणि मगच शिफ्टला जातील. 6 इंचांच्या वर, त्या दिवशीची दारोदारची शिफ्ट रद्द, त्याऐवजी घरून फोन. यात प्रचाराचं नुकसान फारसं नाही. मोठ्या वादळात कार्यालयंही माणसांना बाहेर काढत नाहीत, उलट सगळे घरात सापडतात म्हणून फोनवरच भर देतात. फील्ड ऑर्गनायझरला, म्हणजे स्वयंसेवकांच्या शिफ्टा लावणाऱ्या माणसाला, तुमच्या पतींनी हे आधी सांगून ठेवलं, तर त्याला ते सोयीचंच असतं. त्याला नको असतो तो ऐनवेळी न येणारा माणूस.

शाळेचंही तसंच. बंदचा दिवस आणि उशिराचा दिवस वेगळे धरा. उशिराच्या दिवशी फक्त सकाळचे दोन तास सांभाळायचे असतात, ते ज्याची पहिली मीटिंग उशिरा त्याने घ्यावेत. पूर्ण बंद असेल तर दिवस दुपारी बाराला मोडा: एक सकाळ तुमची, एक दुपार त्यांची. आणि पाळी मोजायची ती दिवसांची. "मागच्या वेळी कोण होतं" यावर गेलात, तर भांडणाशिवाय काही निघणार नाही.

पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात फावडं द्यायला काय हरकत आहे? पत्रात तिचं नाव थंडीच्या धास्तीत येतं, कामात कुठेच येत नाही. ज्या थंडीत ती तीन तास दारं वाजवायला तयार आहे, त्या थंडीत अर्धा तास ड्राइव्हवेवर उभी राहू शकते.

आता प्रत्यक्ष उपसण्याबद्दल थोडं, कारण बहुतेक घरांत क्रम चुकतो. आधी ड्राइव्हवे नव्हे. आधी फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, पाइप. नव्या धाटणीच्या फर्नेसची हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी पांढरी प्लास्टिकची नळकांडी भिंतीतून जमिनीपासून फूट-दोन फुटांवर बाहेर येतात. वाऱ्याने बर्फ भिंतीशी साचला की ती बुजतात. नशीब असेल तर फर्नेस स्वतःहून बंद पडतो आणि घर गार होतं. नसेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि घरातल्यांना फ्लू झाल्यासारखं वाटतं. म्हणून पाइपांभोवती तीन फूट मोकळे ठेवा, अलार्मच्या बॅटऱ्या आत्ताच तपासा आणि अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडून 911 लावा. गाडीचंही तेच: इंजिन चालू करण्याआधी मागची नळी मोकळी करा आणि बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करू नका. पाइपांनंतर दोन्ही दारं, मग गाड्या, मग ड्राइव्हवे. गाडीच्या टपावरचा बर्फ काढल्याशिवाय रस्त्यावर जाणं न्यू हॅम्पशायरमध्ये बेकायदा आहे, पहिल्याच वेळी 250 डॉलरपासून दंड. घाईघाईत शिफ्टला निघणारे नेमके इथेच सापडतात.

8 इंच पडेपर्यंत थांबू नका. दर तीन-चार इंचांना एक फेरी मारली तर एकूण वजन तेच राहतं, पण पाठीवर एका वेळी येतं ते निम्मं किंवा त्याहूनही कमी. ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊ जो बांध टाकून जातो तो सगळ्यांत जड: रस्त्यावरचा, दाबलेला, मिठाने ओला झालेला. त्याला एक युक्ती आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाऊ डावीकडून येतो. म्हणून तोंडाशी उपसलेला बर्फ नेहमी उजवीकडे टाका, आणि डाव्या बाजूला रस्त्यालगत पाच-सहा फुटांचा एक खळगा मोकळा करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा माल त्या खळग्यात पडतो, तुमच्या तोंडाशी कमी. मीठ टाकायचं तर हेही बघा की साधं रॉक सॉल्ट 15 फॅरनहाइटच्या खाली जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याहून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर सरळ वाळू. स्नोब्लोअर (बर्फ उडवून फेकणारं यंत्र) असेल तर ओल्या बर्फाने त्याचा चूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं, तुंबतो. तेव्हा इंजिन बंद करून काठीनेच मोकळा करायचा, हाताने कधीच नाही. आत अडकलेला ताण इंजिन बंद झाल्यावरही पातं फिरवतो आणि बोटं जातात.

पैशाने सुटत असेल तर सोडवा, त्यात कमीपणा नाही. वर्षाचे प्लाऊचे करार शरद ऋतूतच भरलेले असतात, पण दर खेपेला पैसे घेणारे हंगामाच्या मध्यातही मिळतात. विचारताना तीन गोष्टी विचारा: किती इंचांनंतर येणार, तोंडाशी पडलेल्या बांधासाठी दुसरी खेप करणार का, आणि दारापर्यंतची पायवाट त्यात धरली आहे का. बहुतेकदा नसते.

मुलीच्या जाण्याबद्दल. तुमची धास्ती खरी आहे, पण "नको" हे उत्तर तिला राजकारणातून बाहेर ठेवणार नाही. ते फक्त तुम्हाला तिच्या विरुद्ध पक्षात बसवेल. अटी घाला, आणि त्या मोजता येतील अशा. जानेवारीच्या मध्यावर तिथे साडेचारच्या पुढे-मागे सूर्य मावळतो. त्यामुळे तिची दारं फक्त दिवसाउजेडी, शनिवार-रविवारी, आणि बाबांच्याच जोडीने. समोरासमोरची दोन घरं वाटून घेतली तरी दोघं एकमेकांना दिसले पाहिजेत. कुणाच्याही घराच्या आत जायचं नाही, "या, जरा ऊब घ्या" म्हटलं तरी. आणि थंडीची रेघ ठरवा. हवामान खात्याच्या तक्त्यानुसार पारा 0 फॅरनहाइट आणि वारा ताशी 15 मैल असला, तर उघड्या त्वचेला तो उणे 19 असल्यासारखा लागतो आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. मी त्याच्या बरीच अलीकडे रेघ मारीन: वारा धरून 10 फॅरनहाइटच्या खाली असेल, तर मुलीने फोनच करायचे.

कपड्यांत सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जीन्स आणि सुती मोजे. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. हातात पातळ ग्लोव्ह्ज आणि त्यावर मिटन, म्हणजे यादीवर खूण करताना फक्त मिटन काढावं लागतं. बुटांना बर्फावर पकड देणारे रबरी काटे, कारण दारोदार फिरणाऱ्यांना इजा होते ती थंडीपेक्षा लोकांच्या न साफ केलेल्या पायऱ्यांवर घसरून. हिरवळीवरून आडवं जायचं नाही. बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही आणि घरमालकालाही आवडत नाही. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. तो आतल्या खिशात, अंगाशी, आणि सोबत कागदावरची यादी. यादीवर पेन्सिलच. पेनची शाई गोठते. एरवी तासाला पंधरा-वीस दारं होतात, बर्फात दहा-बारा. तीन तासांची शिफ्ट सलग न करता सव्वा-सव्वा तासाचे दोन फेरे करा, मध्ये गाडीत हीटर लावून कोरडे मोजे बदला. पत्रकं दारात अडकवायची, टपालपेटीत नाही. तिकीट नसलेलं काहीही टपालपेटीत टाकणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नवे स्वयंसेवक हे हमखास करतात. अंगणात पाटी लावायची असेल तर गोठलेल्या जमिनीत तारा घुसत नाहीत. बर्फाच्या ढिगात खोचली की पहिल्या उन्हात ती आडवी होते. दगडात भोक पाडायचं बिट लावलेल्या ड्रिलने जमिनीत दोन भोकं पाडा, पाटी मार्चपर्यंत हलणार नाही. (ती मार्चपर्यंत ठेवायची का, हा वेगळा विषय.)

आता मुलगा. तुम्ही त्याचा प्रश्न पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिला आहे. खरं तर तो पहिल्या ओळीत यायला हवा होता. आठ वर्षांच्या मुलाला ही शंका हवेतून येत नाही. जेवताना निवडणुकीबद्दल, व्हिसाबद्दल, "तो आला तर आपलं काही खरं नाही" असं मोठ्यांचं बोलणं त्याने ऐकलेलं असतं, आणि त्यातलं "आपलं" त्याला अगदी शब्दशः कळतं. आईकडे आणि बाबांकडे वेगवेगळी कागदपत्रं आहेत, हेही त्याला ठाऊक असेल. त्याला "छे, असं काही नसतं" म्हणून उडवू नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं?" आणि ऐका. मग छोटं आणि खरं उत्तर: "नाही. ही प्रायमरी आहे. यात फक्त एवढंच ठरतं की पुढच्या मोठ्या निवडणुकीत कोण उभं राहणार. कुणीही जिंकलं तरी बुधवारी तू शाळेत जाणार आहेस आणि आपण याच घरात राहणार आहोत." हे उत्तर बाबांनी द्यावं, कारण घरात निवडणूक त्यांच्या आवाजात ऐकू येते. आणि जेवणाच्या टेबलावर अर्धा तास प्रचारबंदी ठेवा. फोन, आकडे, विरोधकांना शिव्या, काही नाही.

त्याच्यासाठी निवडणुकीत धमालही आहे, ती दाखवा. तुमच्या राज्यात उमेदवार गावोगावी टाउन हॉल सभा घेतात, बहुतेक फुकट असतात आणि हात वर करून प्रश्न विचारता येतो. एका शनिवारी चौघं मिळून जा, आणि जमलं तर दुसऱ्या उमेदवाराच्या सभेलाही. तिथले बरेच मतदार असे दोन-चार जणांना ऐकूनच ठरवतात. विरोधी उमेदवारही चहा पितो, खोकतो, विनोद करतो, हे मुलाने डोळ्यांनी बघितलं की त्याच्या मनातला राक्षस निम्मा होतो. उत्तरेला डिक्सव्हिल नॉच नावाची एक चिमुकली वस्ती आहे, तिथे 1960 पासून मध्यरात्रीच मतदान होतं आणि काही मिनिटांत निकालही लागतो. 2024 च्या प्रायमरीत तिथे मतदार होते सहा! आठ वर्षांच्या मुलाला सहा मतं मोजता येतात.

"मला मतच नाही" हा प्रश्न उरला. मत नाही, हे खरं. पण ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला प्रचारात विनामोबदला काम करता येतं, स्वतःच्या पैशातून देणगीही देता येते. एच-1बी किंवा इतर तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना असं विनामोबदला काम करता येतं, पण एक डॉलरही देता किंवा खर्च करता येत नाही, हे तुमच्या मित्रमंडळींना सांगून ठेवा. तुम्ही मात्र एका बाबतीत डोळ्यांत तेल घाला. मतदार नोंदणीच्या टेबलावर कुणी उत्साहाने फॉर्म पुढे केला, तर सही करू नका. नागरिक नसताना नोंदणी केली किंवा मत दिलं, तर नागरिकत्वाचा अर्ज अडकतो आणि देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात हा प्रश्न थेट विचारलेला आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर फार महाग पडतं.

पतींची नोंदणी झाली आहे ना, तेही बघा. न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, पण 2024 च्या अखेरीपासून नव्या मतदाराला नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा कागद हे सगळं आदल्या रात्री एका पाकिटात घालून ठेवा. महिनाभर दुसऱ्यांना मतदानाला नेणारा माणूस स्वतः कागद घरी विसरून रांगेतून परत यावा, यासारखी फजिती नाही. पक्ष न जाहीर केलेला मतदार तिथे कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. आणि मतदानाच्या दिवसासाठी हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला असेल, तर वृद्धांसाठी आणि मुलांना किंवा आजारी माणसाला सांभाळायला घरी राहावं लागणाऱ्यांसाठी आदल्या सोमवारी अ‍ॅब्सेंटी मतपत्रिका (मतदान केंद्रावर न जाता मत देण्याची) मागण्याची सोय आहे. गावाच्या क्लार्ककडे आधी चौकशी करा.

पण मत असो-नसो, या सगळ्यात तुम्ही आधीच पडलेल्या आहात. त्यांची प्रत्येक शिफ्ट तुमच्या मोकळ्या ठेवलेल्या वेळावर उभी आहे. ती तुमची देणगी आहे, फक्त तिची पावती कुणी फाडलेली नाही. तुम्हाला त्या उमेदवाराबद्दल काय वाटतं, हे पत्रात कुठेच नाही. कदाचित तुम्हाला कुणी विचारलंच नाही. त्या रविवारच्या वीस मिनिटांत तेही बोलून घ्या. मत जुळलं नाही तर जुळलं नाही. दोन मतांच्या घरात बर्फ एकाच ड्राइव्हवेवर पडतो.

एक छोटी गोष्ट, पत्रात नसलेली. तुमच्या पतींनी प्रचाराचे निरोप मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायला सुरुवात केली असेल, तर थांबवा. बहुतेक मंडळं करकायद्याच्या 501(सी)(3) कलमाखाली करमुक्त असतात आणि अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करता येत नाही. मित्रांना वैयक्तिक निरोप पाठवायला कुणाची ना नाही.

आणि पुढच्या राज्यांतल्या प्रचाराला जायचं का, साउथ कॅरोलायनाचं, नेव्हाडाचं, जिथलं विचारणं येईल तिथलं, आत्ताच ठरवा. निकालाच्या रात्री, ढोल वाजत असताना किंवा डोळे भरलेले असताना, कुणालाही "हो" किंवा "नाही" नीट म्हणता येत नाही. जायचं असेल तर किती दिवस, आणि त्या दिवसांत वादळ आलं तर प्लाऊवाल्याचे पैसे कुणाच्या खर्चातून. प्रायमरीनंतरचा बुधवार त्यांनी रजेचा टाकावा, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्या दिवशी शाळेचा निरोप त्यांच्या फोनवर यावा, फावडं त्यांच्या हातात असावं आणि तुमच्या मीटिंगा ठरलेल्या वेळी व्हाव्यात. कॅलेंडरवर आजच लिहून टाका, शिफ्टांच्याच रंगात.